‘मानवी चूक’ म्हणजे नेमकी कोणाची चूक?

२४ मार्च २०१५ चा तो मंगळवार होता. उपवासकाळाचा शेवटचा टप्पा सुरू होता आणि पुढच्या रविवारी झावळ्यांचा सण होता. त्या रात्री दहाच्या सुमारास गोव्याच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ सागरी मैलांवर भारतीय नौदलाचे एक छोटे, दोन इंजिनांचे डॉर्नियर विमान अरबी समुद्रात कोसळले. दाबोळी येथील ‘आयएनएस हंसा’ या नौदल तळावरून ते नेहमीच्या रात्रीच्या सरावासाठी निघाले होते. विमानात तिघे अधिकारी होते. त्यांपैकी मुख्य वैमानिकाला एका मासेमारी नौकेने पाण्यातून जिवंत बाहेर काढले. उरलेले दोघे, लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि लेफ्टनंट किरण शेखावत, यांना मृत्यूने गाठले. किरण शेखावत यांचा देह दोन दिवसांनी पाणबुड्यांनी समुद्रतळावरील विमानाच्या सांगाड्यातून बाहेर काढला. कर्तव्यावर असताना प्राण गमावणाऱ्या त्या भारतीय नौदलातील पहिल्या महिला अधिकारी ठरल्या. दोनच महिन्यांपूर्वी, २६ जानेवारी रोजी, दिल्लीच्या राजपथावर संचलन करणाऱ्या नौदलाच्या महिला तुकडीत त्या होत्या.

घाट उतरून गेले की गोवा आम्हा कोल्हापूरकरांना परका नाही. आपल्यापैकी अनेकांचे नातेवाईक तेथे आहेत आणि डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आपण जुन्या गोव्याला जातोच. पण या विषयाकडे वळण्याचे कारण केवळ शेजार हे नाही. आपला जिल्हा सैन्याला माणसे देणारा जिल्हा आहे. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळी या गावाचे नावच त्याची साक्ष देते. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या भागांतील कितीतरी घरांतून एक तरी मुलगा सैन्यात, नौदलात, सीमा सुरक्षा दलात किंवा तटरक्षक दलात गेलेला आहे. शासनाच्या विमानात बसणारी माणसे बहुतेक वेळा अशाच घरांतली असतात. तेव्हा असे एखादे विमान पडले की त्याचे पुढे काय होते, चौकशी कोण करतो आणि तिचा निष्कर्ष कोणाच्या हाती पडतो, हे प्रश्न आपल्या घरचे आहेत.

एकाच वर्षातील तीन अपघात

२०१५ हे वर्ष या दृष्टीने विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. गोव्याच्या अपघातानंतर तीन महिन्यांच्या आत, ८ जून रोजी, तटरक्षक दलाचे तसेच एक डॉर्नियर विमान चेन्नईहून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर टेहळणीसाठी गेले ते परतलेच नाही. त्यातही तिघे अधिकारी होते. महिनाभराहून अधिक काळ जहाजे, विमाने आणि पाणबुडी त्यांचा शोध घेत राहिली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नौदलाच्या ‘सिंधुध्वज’ या पाणबुडीला समुद्रतळावरून येणारे संकेत मिळाले आणि नंतर ‘ऑलिम्पिक कॅनियन’ या खासगी जहाजाच्या साह्याने चिदंबरमजवळच्या समुद्रात, जवळपास एक हजार मीटर खोलीवर, विमानाचे अवशेष व ब्लॅक बॉक्स हाती लागला. त्या तिघांच्या घरच्यांनी तो महिना कसा काढला असेल, याची कल्पनाही करवत नाही.

तिसरा अपघात नाताळच्या तीन दिवस आधीचा, २२ डिसेंबरचा. सीमा सुरक्षा दलाचे ‘सुपर किंग एअर बी-२००’ हे दोन इंजिनांचे विमान सकाळी साडेनऊनंतर दिल्लीच्या विमानतळावरून रांचीकडे निघाले. रांची येथे एका हेलिकॉप्टरची दुरुस्ती करायची होती, म्हणून विमानात तंत्रज्ञ होते. बाहेर धुके होते. उड्डाणानंतर काही क्षणांतच विमान डाव्या अंगावर कलले, वळत वळत खाली आले आणि द्वारकाजवळ विमानतळाच्या भिंतीला धडकून जळाले. विमानातील दहाही जण मृत्युमुखी पडले.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत पार्थिवांना मानवंदना देण्यात आली. केंद्रीय गृहमंत्री तेथे उपस्थित होते. मृतांपैकी एकाच्या मुलीने तेथेच त्यांना विचारले की, दर वेळी सैनिकांच्याच कुटुंबांनी का रडायचे, आणि जवानांना नेण्यासाठी इतके जुने विमान का वापरले गेले? दूरचित्रवाणीवर ते दृश्य देशाने पाहिले. मंत्र्यांनी तिचे सांत्वन केले, विमान उड्डाणास योग्य होते असा खुलासा सरकारकडून झाला, आणि मग नाताळ व नववर्षाच्या गडबडीत तो प्रश्न मागे पडला.

त्या मुलीच्या प्रश्नाला आज इतक्या वर्षांनी शांतपणे उत्तर देण्याचा प्रयत्न केला पाहिजे. तिच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. विमान जुने होते का, हा त्यांतला सोपा भाग. किंग एअर सुमारे वीस वर्षांचे होते, हे खरे. पण तटरक्षक दलाचे बुडालेले डॉर्नियर तर जवळजवळ नवे होते. २०१४ मध्येच ते सेवेत आले होते. म्हणजे नुसत्या वयावरून सुरक्षिततेचा निवाडा करता येत नाही. नीट देखभाल केलेले जुने विमान सुरक्षित असू शकते आणि नव्या विमानावरही काळ झडप घालू शकतो. अवघड आहे तो तिच्या प्रश्नाचा दुसरा भाग: हे असे का घडले, ते आम्हाला कोण सांगणार?

शासनाची छोटी विमाने

वाचकांच्या माहितीसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे योग्य होईल. डॉर्नियर २२८ हे मूळ जर्मन बनावटीचे विमान. हिंदुस्तान एरोनॉटिक्स ही सरकारी कंपनी १९८० च्या दशकापासून परवान्याने ते कानपूर येथे बनवते. दोन पंख्यांची इंजिने आणि सुमारे एकोणीस माणसांची जागा असलेले हे विमान आखूड धावपट्टीवरही उतरू शकते. म्हणून नौदल व तटरक्षक दल त्याचा किनाऱ्यावरील टेहळणीसाठी उपयोग करतात. मच्छीमारांचा शोध, तस्करांवर नजर आणि वादळापूर्वी नौकांना सूचना ही कामेही ते करते. कोकण किनाऱ्यावरील आपल्या बांधवांना या विमानाचा आवाज परिचयाचा आहे.

महाराष्ट्राच्या जुन्या वाचकांना या विमानाची आणखी एक आठवण असेल. छोटी शहरे हवाई मार्गाने जोडण्यासाठी शासनाने १९८१ मध्ये ‘वायुदूत’ ही विमान कंपनी काढली होती. तिच्या ताफ्यातही डॉर्नियर होती. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले वायुदूतचे डॉर्नियर इंदापूरजवळ उजनी जलाशयात कोसळले आणि त्यातील अकराही जण मरण पावले. पुढे १९९० च्या दशकात वायुदूतच बंद झाली. आज उजनीच्या काठी रोहित पक्षी पाहायला जाणाऱ्या सहलींतील किती जणांना हे पाणी त्या अकरा जणांचे मृत्युस्थान आहे, हे ठाऊक असेल?

ही विमाने वाईट आहेत, असे म्हणण्याचा येथे मुळीच हेतू नाही. जगभर ती दशकानुदशके उडत आहेत. मुद्दा निराळा आहे. छोटे विमान, मोजकी माणसे आणि मालक शासन, अशी स्थिती असली की अपघाताची बातमी दोन-तीन दिवस टिकते आणि विरते. मोठे प्रवासी विमान पडले तर सारे जग जाब विचारते. मोठा नेता बसलेला असेल तरीही तसेच. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यात निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे शासकीय हेलिकॉप्टर कोसळले. देवाच्या कृपेने सारे सुखरूप बचावले. त्याची दृश्ये घरोघरी पाहिली गेली आणि हेलिकॉप्टरच्या सुरक्षेची चर्चा कितीतरी दिवस चालली. ती व्हायलाच हवी होती. पण रांचीला हेलिकॉप्टर दुरुस्त करायला निघालेल्या तंत्रज्ञांच्या वाट्याला तेवढी चर्चा आली नाही, हेही तितकेच खरे आहे.

शेपटीवरील अक्षरांचा फरक

आता चौकशीकडे वळू. १९४४ साली अमेरिकेत शिकागो येथे आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीचा करार झाला. भारतही त्यात सामील आहे. अपघाताची चौकशी कशी करावी याचे नियम या कराराच्या तेराव्या परिशिष्टात आहेत. त्यांतील मूळ तत्त्व मोठे उदात्त आहे. चौकशीचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा असावा, कोणावर दोष ठेवणे हा नसावा. तीस दिवसांत प्राथमिक अहवाल द्यावा आणि शक्य तर वर्षभरात अंतिम अहवाल जाहीर करावा, अशी त्यात अपेक्षा आहे. आपल्याकडे २०१२ पासून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली विमान अपघात अन्वेषण ब्यूरो हे काम पाहतो.

परंतु याच कराराच्या तिसऱ्या कलमात एक अपवाद आहे. लष्कर, सीमाशुल्क आणि पोलीस यांच्या सेवेतील विमाने ही ‘राज्याची विमाने’ मानली जातात आणि त्यांना हा करार लागू होत नाही. त्यामुळे नौदलाचे विमान पडले तर नौदलाचेच चौकशी मंडळ बसते. ते कसून काम करत नाही, असे कोणी म्हणणार नाही. आपल्या सहकाऱ्यांच्या मृत्यूचे कारण शोधताना त्या अधिकाऱ्यांनाही यातना होतच असतील. पण त्या मंडळाचे अहवाल सर्वसाधारणपणे जनतेसमोर येत नाहीत.

सीमा सुरक्षा दलाच्या विमानाची गोष्ट मात्र वेगळी होती. ते दल गृहमंत्रालयाच्या अखत्यारीत असले तरी विमानाची नोंदणी नागरी विमान म्हणून झालेली होती. त्याच्या अंगावर ‘व्हीटी-बीएसए’ ही नागरी नोंदणीची अक्षरे होती. त्यामुळे त्याची चौकशी नागरी नियमांनुसार झाली आणि अहवाल प्रसिद्ध झाला. तो कोणालाही वाचता येतो.

त्या अहवालाचा निष्कर्ष थोडक्यात असा. विमानाने जमीन सोडताच, पुरेशी उंची गाठण्याआधीच वैमानिकांनी ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप सांभाळणारी यंत्रणा, चालू केली. पण विमानाने कोणती दिशा धरून चालायचे, हे तिला सांगणारा ‘हेडिंग मोड’ त्यांनी निवडला नाही. विमान डावीकडे अधिकाधिक कलत गेले. धुक्यात बाहेरचे क्षितिज दिसत नव्हते. कल वेळीच सावरला गेला नाही, विमान उलट्या दिशेला वळले आणि उंची गमावून जमिनीवर आदळले.

हे वाचून मृत वैमानिकांच्या घरच्यांना काय वाटले असेल? निश्चितच दुःख झाले असेल. पण या अहवालामुळे देशातील प्रत्येक छोट्या विमानाच्या वैमानिकाला आणि प्रशिक्षकाला एक ठोस धडा मिळाला. धुक्यात उड्डाण करताना कोणती कळ कोणत्या क्षणी दाबायची आणि दुसऱ्या वैमानिकाने काय तपासायचे, हे त्यातून शिकता येते. दहा जणांचे मरण अगदीच व्यर्थ गेले नाही, असे म्हणायला निदान ही एक जागा उरली. केवळ नोंदणीच्या अक्षरांमुळे दिल्लीच्या दहा जणांविषयीचे सत्य उजेडात आले. गोव्याच्या समुद्रात बुडालेल्या दोघांविषयीचे सत्य मात्र फायलीत राहिले. दोघांच्याही शवपेट्यांवर तोच तिरंगा होता. मग हा भेद कशासाठी?

दोन शब्दांत मिटवलेला प्रश्न

अशा चौकशांच्या बातम्यांत एक शब्दप्रयोग आपण नेहमी वाचतो: ‘मानवी चूक’. हे दोन शब्द छापले गेले की वाचकाचे समाधान होते आणि फाईल बंद होते. वैमानिक मेलेला असतो, तो बाजू मांडायला येऊ शकत नाही. यंत्राचा निर्माता, देखभाल करणारा विभाग, प्रशिक्षणाचे वेळापत्रक आखणारा अधिकारी, हवामान वाईट असतानाही उड्डाणाचा आग्रह धरणारा वरिष्ठ आणि सुट्या भागांच्या खरेदीची फाईल अडवून ठेवणारा कारकून हे सारे जिवंत असतात. तेही मानवच आहेत. पण ‘मानवी चूक’ म्हटले की बोट फक्त मृताकडे वळते.

याला एक बोलके उदाहरण आहे. ६ मार्च २००९ रोजी बंगळूरजवळ बिडदी येथे ‘सरस’ या विमानाचा दुसरा नमुना कोसळला. भारतात आखलेले हे पहिलेच नागरी बहुउद्देशीय विमान होते. दोन इंजिनांचे, छोटे, आणि शासनाच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने बनवलेले. चाचणी घेणारे हवाई दलाचे तिघे अधिकारी त्यात ठार झाले. उडत असताना एक इंजिन बंद करून पुन्हा चालू करण्याची चाचणी त्या दिवशी होती. या अपघाताचीही नागरी पद्धतीने चौकशी झाली. इंजिन पुन्हा चालू करण्याची जी कार्यपद्धती विमानाच्या रचनाकारांनी ठरवली होती, तीच चुकीची होती, आणि पुरेशी उंची हाती नसताना वैमानिकांनी ती वापरली, असे तीत आढळले.

हा निष्कर्ष ‘मानवी चूक’ या दोन शब्दांत बसवता आला असता. तसे झाले असते तर तिघे वैमानिक दोषी ठरले असते आणि कागदावरची चुकीची कार्यपद्धती पुढच्या चाचणीसाठी तशीच राहिली असती. सविस्तर चौकशी झाली म्हणून चुकीचे मूळ विमानाच्या कक्षातच नव्हे, तर जमिनीवरील टेबलापाशीही आहे, हे कळले. ‘सरस’चा प्रकल्प त्यानंतर बरीच वर्षे रखडला. सुधारित नमुन्याने २४ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा उड्डाण केले.

याउलट एक उदाहरण पाहू. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ हवाई दलाचे हेलिकॉप्टर कोसळून संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत, त्यांच्या पत्नी आणि इतर बारा जण मृत्युमुखी पडले. हवाई दलाने जानेवारी २०२२ मध्ये प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला, ही स्वागतार्ह गोष्ट होती. अचानक बदललेल्या हवामानात हेलिकॉप्टर ढगांत शिरले आणि वैमानिकाचा दिशा-उंचीचा अंदाज चुकला, असे त्यात म्हटले होते. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात हवाई दलाच्या २०१७ ते २०२२ या काळातील ३४ अपघातांची यादी आली. तीत या अपघातापुढे कारण म्हणून विमानकर्मींची मानवी चूक एवढेच नोंदलेले होते. संसदेपुढे यादी आली, हे चांगलेच झाले. पण चौतीस अपघात आणि त्यांपुढे दोन-दोन शब्दांची कारणे, एवढ्यावर एखाद्या आईचे समाधान व्हावे काय?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून २६० जण दगावले, तेव्हा महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला. नियम पाळला गेला. पण त्यातील वैमानिकांच्या संवादाच्या एका त्रोटक उल्लेखावरून देशी-परदेशी वृत्तपत्रांनी मृत वैमानिकावर संशयाचे जाळे विणले. आपल्या भ्रमणध्वनींवरही ते संदेश फिरले. शेवटी त्या वैमानिकाच्या वयोवृद्ध पित्याला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांना दिलासा देत सांगितले की, वैमानिकाला कोणी दोषी धरू शकत नाही आणि प्राथमिक अहवालातही तसे म्हटलेले नाही. मुलाला मूठमाती दिल्यावर बापाला त्याच्या नावासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागावी, याला काय म्हणावे? म्हणजे अहवाल दडवून ठेवणे जसे अन्यायाचे, तसेच अर्धवट माहितीवरून निवाडा करणेही अन्यायाचेच आहे. पहिला दोष शासनाचा असेल, पण दुसरा आपला आहे.

गोपनीयतेची मर्यादा

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. लष्करी विमानांत गुप्त उपकरणे असतात. त्यांच्या टेहळणीचे मार्ग शत्रूला कळता कामा नयेत. अशा माहितीला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमातही संरक्षण दिलेले आहे. देशाची सुरक्षा ही खोटी सबब नव्हे. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी २६ नोव्हेंबर २००८ नंतर ते चांगलेच जाणले आहे.

पण सारेच गुप्त असते काय? वैमानिकाने गेल्या महिन्यात किती तास रात्रीचे उड्डाण केले होते, हे गुपित नव्हे. इंजिनाची शेवटची तपासणी कधी झाली, त्या रात्री हवा कशी होती, पाण्यात पडल्यावर जीवरक्षक साधने उपयोगी पडली की नाही, शोधाला निघालेल्या नौकेला संदेश किती वेळात मिळाला, यांतले काहीही शत्रूच्या उपयोगाचे नाही. आपल्या मुलांच्या उपयोगाचे मात्र नक्कीच आहे. गुप्त उपकरणांविषयीची पाने काढून उरलेला अहवाल देता येतो. इतर लोकशाही देशांत लष्करी अपघातांचे सारांश असे प्रसिद्ध होतात. ब्रिटनचे संरक्षण खाते तर अशा चौकश्यांचे अहवाल, आवश्यक तो मजकूर झाकून, जनतेसाठी खुले करते. त्यामुळे त्या देशाची सेना दुबळी झाली, असे कोणी ऐकलेले नाही.

म्हणून आपली अपेक्षा माफक असावी, पण ठाम असावी. राज्याच्या विमानाच्या प्रत्येक जीवघेण्या अपघाताचा सारांश ठरावीक मुदतीत संसदेसमोर यावा. चौकशी मंडळात त्या दलाबाहेरचा एक तरी जाणकार असावा, कारण आपल्याच घरातील चूक आपल्याला दिसणे माणसाला नेहमीच कठीण जाते. सर्वांत आधी मृतांच्या कुटुंबीयांना, त्यांना समजेल अशा भाषेत, कारण सांगितले जावे. आजऱ्याच्या किंवा चंदगडच्या आईला इंग्रजीतील तांत्रिक पत्र पाठवून कर्तव्य संपत नाही. एखाद्या अधिकाऱ्याने तिच्या घरी येऊन, तिच्यासमोर बसून, मराठीतून ते सांगितले पाहिजे. आणि चौकशीतून निघालेल्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या, हे दरवर्षी कळावे. शिफारस कागदावर राहिली तर पुढचा अपघात हा अपघात म्हणता येत नाही.

आपला वाटा

या विषयात श्रद्धावंतांनी काय करावे, असे कोणी विचारील. प्रायश्चित्त संस्काराला येण्यापूर्वी आपण सदसद्विवेकाची तपासणी करतो. ‘माझ्याकडून चूक झाली’ एवढे मोघम बोलून ती पुरी होत नाही, हे आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. काय चुकले, का चुकले आणि पुन्हा चुकू नये म्हणून मी काय बदलणार, हे तीन प्रश्न तेथे टाळता येत नाहीत. व्यक्तीला जे लागू आहे, ते संस्थेलाही लागू असावे. शासन असो, सैन्य असो की आपली ख्रिस्तसभा असो, स्वतःच्या चुकीची तपासणी बंद दाराआड ठेवण्याचा मोह प्रत्येक संस्थेला होतो. त्याची किंमत काय असते, हे गेल्या काही दशकांत ख्रिस्तसभेनेही अनुभवले आहे. म्हणून हे लिहिताना आम्ही इतरांना उपदेश करण्याच्या उंचीवर उभे नाही, याची जाणीव आहे.

व्यवहारात करता येण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. अपघाताची बातमी आली की वैमानिकाला दोषी किंवा निर्दोष ठरवणारे संदेश पुढे पाठवू नयेत. आपल्या खासदारांना भेटण्याचा प्रसंग येतो तेव्हा रस्ते व पाण्याबरोबर हाही प्रश्न विचारावा. संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे अशा याद्या येतात, तर त्यांतील कारणे दोन शब्दांत का असतात, असे विचारायला हरकत नाही. आणि आपल्या धर्मग्रामात वर्दीतील एखादा मुलगा वा मुलगी गमावलेले घर असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असो, तर अंत्यविधीच्या गर्दीनंतर सहा महिन्यांनीही त्या घराची पायरी चढावी. तोवर हार सुकलेले असतात आणि पुढाऱ्यांच्या भेटी थांबलेल्या असतात. ‘नेमके काय झाले होते?’ हा प्रश्न मात्र घरात रोज जेवणाच्या ताटापाशी बसलेला असतो.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून २०१८ पासून पुन्हा नियमित विमाने उडू लागली. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात उभारलेल्या या विमानतळावर आता नवी इमारत उभी आहे. मुंबईला जाणाऱ्या विमानात बसताना आपण निश्चिंत असतो, कारण कोठेतरी कोणीतरी पूर्वीच्या अपघातांचे अहवाल वाचून कार्यपद्धती सुधारलेली असते. आपला प्रवास सुरक्षित आहे, तो अनोळखी मृतांविषयी उघड केलेल्या सत्यामुळे. समुद्रावर रात्री टेहळणी करणाऱ्या आणि धुक्यातून कामगिरीवर निघणाऱ्या आपल्या मुलांना तेवढीच सुरक्षितता मिळायला हवी.

गोव्याच्या त्या काळ्या रात्री एका मच्छीमाराने पाण्यात तरंगणाऱ्या अनोळखी माणसाला हात दिला. तो कोण, कोणत्या दलाचा, चूक कोणाची, हे त्याने विचारले नाही. आधी त्याला वर ओढून घेतले. माणूस म्हणून जे करायचे ते त्याने केले. उरलेल्या दोघांच्या बाबतीत शासनाला आता त्यांचे प्राण परत देता येणार नाहीत. त्यांच्या मृत्यूचे कारण मात्र अजूनही सांगता येईल. दिल्लीत मंत्र्यांसमोर उभ्या राहिलेल्या त्या मुलीचे ते देणे आहे आणि तिच्यासारख्या प्रत्येक घराचेही. नोव्हेंबरात आपण मृतांसाठी मिस्साबलिदान अर्पण करतो, तेव्हा कर्तव्यावर प्राण वेचलेल्या या वैमानिकांची व तंत्रज्ञांची आठवण ठेवू या, आणि त्यांच्या घरच्यांना शांती मिळावी म्हणून प्रार्थना करू या. शांतीचा मार्ग सत्यावरून जातो, हे शासनकर्त्यांना सांगण्याचे धैर्यही त्याच प्रार्थनेत मागू या.